वर्षाची चटणी आणि तांबडा रस्सा

चैत्र-वैशाखात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या गल्ल्यांतून जाताना ठसका लागला नाही असं होत नाही. घरोघरी वर्षाची ‘चटणी’ करायची गडबड असते. ही चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. ब्याडगी मिरची रंगासाठी, संकेश्वरी तिखटपणासाठी. दोन्ही उन्हात कडकडीत वाळवून देठं खुडायची. कांदा तेलात तपकिरी होईपर्यंत तळायचा. धणे, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण धणे भाजेपर्यंत तीळ करपतात. मग आलं, लसूण, कोथिंबीर, मीठ घालून सगळं डंकावर कुटून आणायचं आणि बरणीत दाबून भरून वर हिंगाचे खडे ठेवायचे. वर्षभराची आमटी, भाजी आणि रस्सा याच बरणीवर चालतो.

एवढा मसाला कशासाठी? खराब मांसाचा वास झाकायला, असं एक उत्तर हमखास मिळतं. ते टिकत नाही. गावात सकाळी कापलेलं बकरं दुपारी शिजतं. वास झाकायची वेळच येत नाही.

दुसरं उत्तर उष्ण हवेचं. १९९८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जेनिफर बिलिंग आणि पॉल शर्मन यांनी ३६ देशांच्या पाककृती तपासल्या. उष्ण देशांत मसाला जास्त आणि मसाल्यांत जंतू मारण्याचा गुण, हे त्यांनी जोडून दाखवलं. पण २०२१ मध्ये लिंडेल ब्रॉमहॅम आणि सहकाऱ्यांनी ७० पाकशैलींतल्या ३३ हजारांवर पाककृती पडताळल्या, तेव्हा तापमानाने या फरकाचा उलगडा झाला नाही. मसालेदार जेवणाचा संबंध आकडेवारीत रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूंशीही जुळत होता! म्हणजे नुसते आकडे जुळले म्हणून कारण सापडत नाही.

खरं कारण ताटातच पाहावं लागतं. पावसावर अवलंबून असलेल्या देशावरच्या शेतकऱ्याचं जेवण म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, कडधान्य. हिरवी भाजी हंगामापुरती, मटण सणावाराला किंवा जत्रेला. भाकरीला स्वतःची चव सौम्य, त्यामुळे सोबत झणझणीत काहीतरी हवंच. ठेचा असला तरी भागतं. मटण थोडं आणि पंगत मोठी असेल, तर भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण आणि चटणी घालून रस्सा वाढवायचा. फोडी मोजक्या मिळाल्या तरी भाकरी कुस्करून पोटभर जेवण होतं. नागपुरात हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेला, पूर्वी जवसाच्या तेलात होणारा सावजी रस्साही कष्टकऱ्यांच्याच चुलीवरचा. मसाल्याला राजेशाही थाट समजलं जातं, पण महाराष्ट्रात तो आधी गरिबाघरचा आधार आहे.

मिरचीने हा आधार स्वस्त केला. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त पाककृती भरपूर आहेत, पण मिरची नाही, तिखटपणासाठी मिरे होते. मिऱ्याचा वेल मलबारच्या दमट हवेतला, त्यामुळे कोरडवाहू गावाला तो विकतच घ्यावा लागे. अमेरिका खंडातली मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर आली आणि पुढे घाट चढून देशावर रुजली. जी चव दाम मोजून आणायची, ती आता परसात पिकू लागली.

मिरचीतलं कॅप्सेसिन प्रत्यक्षात तोंड भाजत नाही. गरम चटका ओळखणारा जो ग्राहक (रिसेप्टर) आपल्या मज्जातंतूंत असतो, त्यालाच ते चेतवतं. या ग्राहकाचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. कॅप्सेसिन पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतं, म्हणून रश्श्यावरची तर्री सगळ्यात झोंबते आणि वर कितीही पाणी प्यायलं तरी आग कमी होत नाही. दह्याने होते.

मात्र तिखट आणि मसालेदार यांत फरक आहे. कोल्हापूरच्या ताटात तांबड्याशेजारी पांढरा रस्सा असतो: मटणाच्या अळणी सुपात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, आणि लाल तिखटाचा कणही नाही. तोही मसालेदारच. बाहेरगावच्या हॉटेलांत नुसती लाल पूड वाढवून ‘कोल्हापुरी’ म्हणून जे वाढलं जातं, त्यावरून या स्वयंपाकाची पारख करू नये. कोल्हापुरात दोन्ही वाट्या समोर घ्याव्यात आणि पांढऱ्यापासून सुरुवात करावी.