सामायिक संगणक, भ्रमणध्वनी आणि कुकी-व्यवस्थापन : महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी एक विवेचन

गोषवारा : संकेतस्थळे आपल्या ब्राउझरमध्ये ज्या लहान नोंदी ठेवतात, त्यांना 'कुकी' म्हणतात. कुकी म्हणजे केवळ जाहिरातदारांची हेरगिरी, असा एक समज आहे. तथापि महाविद्यालयातील सामायिक संगणकावर खरा धोका जाहिरातदारापेक्षा तोच संगणक नंतर वापरणाऱ्या व्यक्तीकडून अधिक संभवतो. प्रस्तुत लेखात कुकीचे स्वरूप, तिचे प्रकार, संगणक व भ्रमणध्वनीवरील तिचे नियंत्रण आणि त्यासंबंधीची कायदेशीर चौकट यांचा मीरा-भाईंदर परिसरातील महाविद्यालयीन वापराच्या संदर्भात विचार केला आहे.

बीजसंज्ञा : कुकी, ब्राउझर, सत्र, सामायिक संगणक, संमती, विदा संरक्षण.

१. प्रस्तावना

मुंबई महानगर प्रदेशात इयत्ता अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आणि २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ही पद्धत संपूर्ण राज्यास लागू झाली. मीरा-भाईंदर याच प्रदेशात मोडते. घरी संगणक नसलेले अनेक विद्यार्थी अर्ज भरण्यासाठी महाविद्यालयाच्या संगणक कक्षात किंवा रेल्वे स्थानकाजवळील सायबर कॅफेमध्ये येतात. परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, गुणांची नोंद, प्राध्यापकांचा पत्रव्यवहार अशी कितीतरी कामेही आता ब्राउझरमधूनच होतात. एकच संगणक दिवसभरात वीस-पंचवीस जणांच्या हातांखालून जातो.

प्रवेशाच्या काळात मार्गदर्शन कक्षात काम करीत असताना प्रस्तुत लेखकास आलेला एक अनुभव येथे नोंदविणे उचित ठरेल. एका विद्यार्थिनीने अर्ज भरला, खिडकी बंद केली आणि ती निघून गेली. काही मिनिटांनी दुसऱ्या विद्यार्थ्याने त्याच संगणकावर ब्राउझर उघडला, तेव्हा त्याच्यासमोर तिचाच अर्ज, तिचा भ्रमणध्वनी क्रमांक आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम उघडा होता. मुलगा प्रामाणिक होता, म्हणून त्याने लगेच सांगितले. त्याने थट्टेने जरी एखादा पसंतीक्रम बदलला असता, तरी त्या मुलीच्या प्रवेशावर परिणाम झाला असता. येथे कोणी परवलीचा शब्द चोरला नव्हता. घडले ते केवळ कुकीमुळे. हे कसे घडले, याचा उलगडा करण्यासाठी प्रथम कुकीचे कार्य समजून घ्यावे लागते.

२. कुकी : संकल्पना व उगम

संकेतस्थळ आणि ब्राउझर यांच्यातील संवाद ज्या नियमावलीनुसार चालतो, त्या एचटीटीपीला स्वतःची स्मृती नाही. प्रत्येक पान मागविताना सर्व्हरच्या दृष्टीने आपण नव्यानेच आलेले असतो. ही उणीव दूर करण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील अभियंता लू मॉन्टुली याने कुकीची योजना केली. पुढे १९९७ मध्ये तिचे पहिले औपचारिक प्रमाणक प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली.

मंदिराबाहेर चपला ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्याचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. चपला सांभाळणारा आपले नाव विचारत नाही, चेहराही लक्षात ठेवीत नाही. तो क्रमांकाचा बिल्ला देतो आणि परत येणाऱ्याच्या हातात तो बिल्ला पाहून चपला देतो. सर्व्हरही आपण परवलीचा शब्द देताच ब्राउझरच्या हाती एक लांबलचक सांकेतिक क्रमांक देतो, तीच कुकी. त्यानंतर प्रत्येक पान मागविताना ब्राउझर हा क्रमांक दाखवितो आणि सर्व्हर आपल्याला ओळखतो. मात्र बिल्ला ज्याच्या हाती त्याला चपला, हा नियम येथेही लागू आहे. ब्राउझरसमोर नवीन माणूस येऊन बसला तरी सर्व्हरला ते कळत नाही.

कुकी हा मजकुराचा छोटा तुकडा असतो, साधारणतः चार किलोबाइटपर्यंतचा. ती स्वतः कार्यान्वित होणारी आज्ञावली नाही, त्यामुळे तिला विषाणू म्हणणे चुकीचे आहे.

३. कुकींचे प्रकार

कालावधीनुसार कुकींचे दोन प्रकार पडतात. सत्र-कुकी ब्राउझर बंद होताच संपुष्टात यावी अशी अपेक्षा असते. स्थायी कुकीला समाप्तीची तारीख असते. क्रोमने २०२२ पासून या मुदतीवर ४०० दिवसांची मर्यादा घातली आहे. लॉग-इन करताना 'मला लक्षात ठेवा' या चौकटीत खूण केली की बहुधा स्थायी कुकीच दिली जाते.

मालकीनुसारही दोन प्रकार आहेत. आपण जे संकेतस्थळ उघडले त्याचीच कुकी ती प्रथम पक्षाची. त्या पानावरील जाहिरात, चित्रफीत किंवा 'लाइक'चे बटण ज्या अन्य संकेतस्थळावरून येते, त्याची कुकी ती तृतीय पक्षाची. एकच जाहिरात कंपनी हजारो पानांवर उपस्थित असल्याने तिला आपला प्रवास एका पानावरून दुसऱ्या पानापर्यंत जोडता येतो. खासगीपणाविषयीची चर्चा प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकाराभोवती फिरते.

तृतीय पक्षाच्या कुकींबाबत ब्राउझरांची धोरणे भिन्न आहेत. सफारीने मार्च २०२० पासून त्या पूर्णतः अडविल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये ज्ञात मागोवा-कुकी आपोआप अडविण्यास प्रारंभ केला आणि २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी स्वतंत्र कप्प्यात ठेवण्यास सुरुवात केली. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून त्या हद्दपार करण्याची घोषणा केली, ती वेळोवेळी पुढे ढकलली आणि एप्रिल २०२५ मध्ये ही निवड वापरकर्त्याच्याच हाती ठेवण्याचे जाहीर केले. परिणामी क्रोमच्या नेहमीच्या खिडकीत हे नियंत्रण आपणच करावयाचे आहे.

४. खिडकी बंद करणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे

आता पूर्वोक्त प्रसंगाकडे वळू. सत्र-कुकी ब्राउझर बंद होताच नष्ट व्हावयास हवी होती. मात्र त्या संगणकावरील ब्राउझरमध्ये 'जेथे सोडले तेथून पुढे सुरू करा' हा पर्याय निवडलेला होता. या पर्यायात ब्राउझर मागील पानांसोबत सत्र-कुकीही पुन्हा जिवंत करतो. बिल्ला परत न करता तो तेथेच बाकावर ठेवून जाण्यासारखे हे झाले.

यावरून तीन क्रियांमधील भेद स्पष्ट होतो. खिडकी बंद केल्याने कुकी जाईलच असे नाही. कुकी पुसल्याने आपल्या बाजूचा बिल्ला जातो, पण सर्व्हरच्या वहीत तो क्रमांक काही काळ वैध राहू शकतो. लॉग-आउट केल्याने, संकेतस्थळाची रचना योग्य असल्यास, सर्व्हर तो क्रमांकच रद्द करतो. म्हणून सामायिक संगणकावर आधी लॉग-आउट, नंतर कुकी पुसणे आणि शेवटी खिडकी बंद करणे हा क्रम पाळणे इष्ट होय.

५. संगणकावरील व्यवस्थापन

(अ) क्रोम : 'सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या विभागात 'थर्ड-पार्टी कुकीज' अडविण्याचा पर्याय आहे. त्याच विभागातील 'साइट सेटिंग्ज'मध्ये 'ऑन-डिव्हाइस साइट डेटा' येथे सर्व खिडक्या बंद होताच साठविलेली माहिती पुसण्याची सोय आहे. संगणक कक्षासाठी हा पर्याय सर्वांत महत्त्वाचा ठरतो. 'ऑन स्टार्टअप'मध्ये मागील पाने पुन्हा उघडण्याऐवजी नवीन पान उघडण्याचा पर्याय निवडावा.

(आ) फायरफॉक्स : 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये मागोवा-प्रतिबंधाचे 'स्टँडर्ड', 'स्ट्रिक्ट' व 'कस्टम' असे स्तर आहेत. फायरफॉक्स बंद होताच कुकी पुसण्याची चौकटही तेथेच आहे.

(इ) एज : 'प्रायव्हसी, सर्च अँड सर्व्हिसेस'मध्ये 'बेसिक', 'बॅलन्स्ड' व 'स्ट्रिक्ट' हे स्तर असून ब्राउझर बंद करताना काय पुसावे, हेही ठरविता येते.

विंडोजवरील या तिन्ही ब्राउझरांत कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबल्यास माहिती पुसण्याची चौकट थेट उघडते. तेथे संपूर्ण कालावधीचा पर्याय निवडावा, अन्यथा केवळ अलीकडच्या नोंदी पुसल्या जाण्याची शक्यता असते. तात्पुरत्या कामासाठी खासगी खिडकी (क्रोममध्ये 'इनकॉग्निटो') वापरावी. तिच्यातील कुकी सर्व खासगी खिडक्या बंद झाल्यावरच पुसल्या जातात. एखादी जरी उघडी राहिली तरी सत्र चालू राहते. तसेच खासगी खिडकीमुळे महाविद्यालयाच्या नेटवर्कपासून किंवा सेवा पुरवठादारापासून आपला वापर लपत नाही. सामायिक संगणकावर खुद्द ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने प्रवेश करणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे साठविलेले परवलीचे शब्दही त्या संगणकावर उतरू शकतात.

६. भ्रमणध्वनीवरील व्यवस्थापन

अँड्रॉइडवरील क्रोममध्ये तीन ठिपक्यांच्या सूचीतून 'सेटिंग्ज' उघडल्यास तृतीय पक्षाच्या कुकी अडविण्याचा आणि माहिती पुसण्याचा पर्याय मिळतो. आयफोनवर सफारीची नियंत्रणे फोनच्या 'सेटिंग्ज'मध्ये आहेत. तेथील 'प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग' हा पर्याय चालू असल्याची खात्री करावी. 'ब्लॉक ऑल कुकीज' मात्र निवडू नये, कारण त्यामुळे लॉग-इन आवश्यक असलेली बहुतेक संकेतस्थळे चालेनाशी होतात.

येथे दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. भ्रमणध्वनीवरील ॲप ब्राउझरच्या कुकींवर अवलंबून नसतात. जाहिरातींसाठी ते उपकरणाच्या जाहिरात-ओळखक्रमांकाचा उपयोग करतात. अँड्रॉइडवर हा क्रमांक पुसता येतो. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून अन्य ॲप व संकेतस्थळांवरील मागोव्यासाठी ॲपला परवानगी मागावी लागते. दुसरे असे की, एखाद्या ॲपमधील दुवा त्याच ॲपच्या अंतर्गत खिडकीत उघडल्यास तेथील कुकी बहुधा वेगळ्या राहतात आणि मुख्य ब्राउझरमधील सफाई त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

७. कायदेशीर चौकट

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि अखेर 'डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३' संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. या अधिनियमात 'कुकी' हा शब्द नाही. परंतु कुकीद्वारे व्यक्तीची ओळख पटत असेल तर ती वैयक्तिक विदा ठरते. संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट व निःसंदिग्ध असावी, अशी अट अधिनियमात आहे. संमतीची सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक केले आहे.

प्राध्यापकांच्या दृष्टीने कलम ९ विशेष महत्त्वाचे आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीचा मागोवा घेण्यास आणि तिला लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास ते मनाई करते. नियमांत शैक्षणिक संस्थांना सूट आहे, पण ती शैक्षणिक कार्य व विद्यार्थ्यांची सुरक्षितता यांपुरती मर्यादित आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी या वयोगटातच असतात. महाविद्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कोणत्या तृतीय पक्षाच्या कुकी येतात, हे तपासण्याची जबाबदारी त्यामुळे आपल्यावर येते.

युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट-४९ प्रकरणात, आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्वाळा दिला. संमतीची चौकट समोर येताच सवयीने 'ॲक्सेप्ट ऑल' दाबण्याऐवजी नकाराचा पर्याय शोधावा. गंमत अशी की, आपला नकारही बहुधा कुकीतच साठविला जातो. म्हणून सर्व कुकी पुसल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो.

८. काही सूचना

(१) संगणक कक्षातील प्रत्येक ब्राउझर बंद होताच कुकी पुसेल अशी रचना तंत्रसाहाय्यकाकडून एकदाच करून घ्यावी.
(२) प्रवेशाच्या काळात प्रत्येक संगणकाशेजारी 'लॉग-आउट करा, मगच उठा' अशी मराठीत सूचना लावावी.
(३) शिक्षक कक्षातील संगणकावर 'मला लक्षात ठेवा' ही चौकट रिकामीच ठेवावी.
(४) स्वतःच्या संगणकावर सर्व कुकी वारंवार पुसण्याऐवजी केवळ तृतीय पक्षाच्या अडवाव्यात.

९. समारोप

कुकी-नियंत्रणाने सर्व प्रकारचा मागोवा थांबतो असे नाही. उपकरणाच्या गुणधर्मांवरून ओळख पटविण्याच्या पद्धती कुकीशिवायही चालतात. तथापि सामायिक संगणकावर राहून गेलेले सत्र हा धोका पूर्णतः आपल्या आटोक्यातील आहे. त्यासाठी खर्च नाही, विशेष तांत्रिक ज्ञानही लागत नाही. विद्यार्थ्याचा अर्ज भरून देण्याइतकेच, तो उठताना त्याचा बिल्ला त्याने परत केला आहे ना हे पाहणे, हेही शिक्षकाचे कर्तव्य ठरते.