संकेतस्थळावरील धम्मसाहित्य आणि यंत्राचे वाचन

विहारांची, महाविद्यालयांची व अभ्यासमंडळांची संकेतस्थळे आता पुष्कळ झाली आहेत. त्यांवर सुत्तांची भाषांतरे असतात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भाषणे असतात, धम्मदीक्षेच्या इतिहासावरील लेख असतात. आजवर शोधयंत्राचे काम वाचकाला त्या पानाच्या दारापर्यंत नेऊन सोडण्याचे होते. आत जाऊन वाचणे व निर्णय करणे वाचकाकडे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. मे २०२४ मध्ये अमेरिकेत व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात गूगलने शोधाच्या यादीच्या वरच यंत्राने रचलेले उत्तर देण्यास प्रारंभ केला. जिज्ञासू प्रश्न विचारतो, उत्तर तयार मिळते, आणि पुष्कळदा तो मूळ पानाकडे वळतही नाही. अशा वेळी हे उत्तर कोणाच्या लेखनातून घडले, हा प्रश्न आपणांस उदासीनतेने सोडून देता येणार नाही. आपला इतिहास दीर्घकाळ इतरांनी लिहिला. आपले साहित्य उपलब्ध असूनही यंत्राला ते उमगत नसेल, तर आपल्याविषयीची उत्तरे पुन्हा इतरांच्याच लेखनातून निघतील.

म्हणून हे यंत्र पान कसे वाचते, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. यंत्राचा एक दूत संकेतस्थळावर येतो व पानावरील मजकूर उचलून नेतो. त्या मजकुराचे लहान लहान तुकडे केले जातात. एक तुकडा साधारणपणे एकदोन परिच्छेदांचा असतो. प्रत्येक तुकड्याचे रूपांतर आकड्यांच्या एका मालिकेत होते. ज्या तुकड्यांचा अर्थ परस्परांच्या जवळचा, त्यांच्या मालिकाही परस्परांच्या जवळ पडतात. वाचकाच्या प्रश्नाचीही अशीच मालिका केली जाते आणि तिच्या निकटचे चारदोन तुकडे निवडून, त्यांच्या आधारे यंत्र उत्तराची वाक्ये रचते. निरनिराळ्या यंत्रांत तपशिलाचे भेद आहेत. तथापि आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब एकच. यंत्राच्या हाती संपूर्ण लेख बहुधा येत नाही, लेखातून फाडलेला तुकडा येतो. वरचा मथळा, शेजारचे छायाचित्र, मागील परिच्छेदातील ‘उपरोक्त’ हे सर्व मागे राहण्याचा संभव असतो.

याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, हे धर्मांतराच्या इतिहासावरून दिसेल. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. तेव्हा कोणता धर्म स्वीकारावयाचा, हे त्यांनी जाहीर केलेले नव्हते. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची आवश्यकता विस्ताराने मांडली. ते भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली व अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. आणि दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, तेथेच बौद्ध धम्म का स्वीकारला याचे विवेचन करणारे दीर्घ भाषण केले. आता एखाद्या पानावर केवळ ‘बाबासाहेबांचे धर्मांतरावरील विचार’ असा मथळा आहे आणि खाली या तिन्ही काळांतील वाक्ये तारखेवाचून एकापाठोपाठ दिली आहेत, असे समजा. माणूस निदान साशंक तरी होईल. यंत्र १९३६ चे वाक्य १९५६ च्या दीक्षेचे स्पष्टीकरण म्हणून सहज पुढे ठेवील. वाक्य खरे, वक्ता खरा, आणि तरीही इतिहास चुकीचा! दोन दशकांत बाबासाहेबांनी जो अभ्यास केला, जे पर्याय तपासले व नाकारले, तो सारा प्रवास अशा उत्तरात पुसला जातो.

‘त्या दिवशी त्यांनी येथे प्रतिज्ञा दिल्या’ हे वाक्य लेखात शोभते. पण पानापासून सुटले की निराधार होते. ‘१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या’ हे वाक्य कोठेही नेले तरी आपली ओळख सोडीत नाही. प्रत्येक वाक्य असे लिहिले तर गद्य कंटाळवाणे होईल, हे मान्य. परंतु प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी एकदा तरी वक्ता, ग्रंथ वा प्रसंग, स्थळ व काळ यांचा स्पष्ट उल्लेख असावा, एवढे पथ्य कोणत्याही लेखकाला पाळता येईल.

संगीतिकारांची दृष्टी

हे पथ्य बौद्ध परंपरेला नवे नाही. चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात राजगृहाच्या पहिल्या संगीतीचे वर्णन आहे. तेथे महाकस्सप थेर उपालींना पहिल्या पाराजिकेविषयी विचारतात, तेव्हा नियम काय एवढेच विचारीत नाहीत. तो कोठे घालून दिला, कोणास अनुलक्षून, कोणत्या गोष्टीवरून, असे एकामागून एक प्रश्न ते विचारतात. आणि वेसाली हे स्थळ, सुदिन्न ही व्यक्ती, अशी उत्तरे नोंदली जातात. आनंदांना ब्रह्मजाल सुत्ताविषयी विचारले असता राजगृह व नालंदा यांच्या दरम्यानचे अंबलट्ठिका येथील राजागार आणि सुप्पिय परिव्राजक व ब्रह्मदत्त माणवक यांचा प्रसंग सांगितला जातो. सुत्ताच्या आरंभी येणारे हे स्थळ-प्रसंगाचे कथन म्हणजेच निदान. भाणक एकच सुत्त पाठ म्हणत असला, समोर बाकीचा निकाय नसला, तरी ते सुत्त कोठले हे श्रोत्याला कळत असे. मौखिक परंपरेतही वचन आपल्या संग्रहापासून सुटून एकटेच फिरत होते. संगीतिकारांनी त्यावर उपाय योजला होता. आजच्या संगणकतज्ज्ञांनी ज्याला माहितीविषयक माहिती म्हटले, ती हीच.

निदान सुटले म्हणजे काय होते, याचे उदाहरण अंगुत्तर निकायातील केसमुत्ती सुत्त, म्हणजेच आपल्याकडे सर्वपरिचित असलेले कालाम सुत्त. निरनिराळे श्रमण-ब्राह्मण केसपुत्त नगरीत येऊन स्वतःचे मत उचलून धरीत व दुसऱ्यांचे खोडून काढीत. त्यामुळे कालाम संभ्रमात पडले होते. त्यांना भगवंतांनी परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथप्रामाण्य, एवढेच नव्हे तर केवळ तर्क यांवरही विसंबू नका असे सांगितले. आणि कोणत्या गोष्टी अकुशल, सदोष, सुज्ञांनी निंदिलेल्या व आचरल्यास अहितकारक आहेत हे स्वतः जाणून त्यांचा त्याग करण्यास सांगितले. या सुत्ताचा जो संक्षेप सर्वत्र फिरतो त्यात केवळ ‘आपल्या बुद्धीला पटेल तेच माना’ एवढे उरते. प्रसंग गळला, सुज्ञांच्या निंदेचा व हिताहिताचा निकष गळला आणि मूळात ज्या तर्कावर विसंबू नये म्हटले तोच एकमेव निकष होऊन बसला. संकेतस्थळावर हे सुत्त देताना निदानासह, संपूर्ण आणि क्रमांकासह द्यावे. क्रमांक देताना आवृत्तीचेही नाव द्यावे. कारण हेच सुत्त काही आवृत्त्यांत तिकनिपाताचे ६५ वे, तर छट्ठ संगायन आवृत्तीत ६६ वे आहे.

पेय्यालाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पालि ग्रंथांत पुनरुक्त भाग ‘पे’ असे लिहून गाळलेला असतो. संपूर्ण ग्रंथ हाती असलेला अभ्यासक तो मागील सुत्तावरून भरून घेतो. यंत्राच्या हाती आलेल्या तुकड्यात मात्र ‘पे’ एवढेच असते. मागचे सुत्त दुसऱ्या पानावर राहिलेले असते. मग यंत्र रिकामी जागा अंदाजाने भरते, आणि तो अंदाज बुद्धवचन म्हणून वाचकापुढे जातो. छापील पुस्तकात कागद वाचवणे हे पेय्यालाचे एक समर्थन होते. संकेतस्थळावर ते लागू नाही. भाषांतर प्रसिद्ध करताना पेय्याल पूर्ण भरावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

परिच्छेदांचे क्रमांक

या कामाचा उत्तम नमुना म्हणून २००५ साली सुरू झालेल्या सुत्तसेंट्रल या संकेतस्थळाकडे बोट दाखविता येईल. तेथे सुत्ताचा मूळ पालि पाठ व भंते सुजातो यांचे इंग्रजी भाषांतर लहान लहान खंडांत विभागले असून प्रत्येक खंडाला निकाय, सुत्त व ओळ दर्शविणारा कायमचा क्रमांक दिला आहे. त्यामुळे यंत्राने कोणताही खंड उचलला तरी तो मज्झिम निकायाच्या कोणत्या सुत्तातील कोणता, हे त्या क्रमांकावरूनच सिद्ध होते.

बाबासाहेबांच्या साहित्याबाबत तर ही सोय ग्रंथकर्त्यानेच करून ठेवली आहे. १९५७ साली त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची रचना खंड, भाग, प्रकरण आणि त्यांखालील क्रमांकित परिच्छेद अशी आहे. असे असता आपल्या पुष्कळ संकेतस्थळांवर या ग्रंथातील उतारे क्रमांक गाळून दिले जातात, ही खेदाची गोष्ट होय. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या १९३६ च्या न झालेल्या भाषणाचा इंग्रजी पाठ परिच्छेदांना क्रमांक देऊन ठेवला आहे. त्यामुळे अभ्यासकाला नेमका परिच्छेद दाखविता येतो आणि यंत्रालाही तो सापडतो.

याउलट महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड लोकांत फिरतात ते बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या स्वरूपात. छायाचित्रावरून अक्षरे ओळखणारी ओसीआर ही व्यवस्था इंग्रजी मजकुरावर बरी चालते. जुन्या मराठी छपाईवर ती जोडाक्षरे व अनुस्वार चुकविते. तेव्हा ओसीआर करून थांबू नये. माणसाने तो पाठ मूळ पानाशी ताडून पाहावा. काम कष्टाचे आहे, पण चार उपासकांच्या गटाने महिन्याला एक भाषण एवढा संकल्प केला तरी पुष्कळ होईल. कायद्याची अडचण म्हणाल तर लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हा आपल्या कायद्यातील कालावधी असल्याने बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्क २०१६ अखेर संपला. भाषांतरकाराचा हक्क मात्र स्वतंत्र असतो. त्याची अनुमती घेतलीच पाहिजे.

लिपीचीही एक अडचण आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकित होत असे. पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत रोमन चिन्हेच असतात. यंत्राला तेथे अर्थहीन अक्षरांची रास दिसते. आपल्या जुन्या नियतकालिकांच्या व स्मरणिकांच्या संगणकीय प्रती याच अवस्थेत आहेत. त्या युनिकोडमध्ये आणल्याखेरीज यंत्राच्या दृष्टीने त्या अस्तित्वातच नाहीत. युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’ यातील ऱ्य दोन भिन्न रीतींनी लिहिता येतो व डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एका संस्थेने एकच रीत पाळावी. तसेच सतिपट्ठान व स्मृतिप्रस्थान, निब्बान व निर्वाण, अशी पालि व संस्कृत रूपे लेखात एकदा तरी शेजारी शेजारी द्यावीत. ज्याला एकच रूप ठाऊक आहे त्याचा प्रश्नही मग आपल्या पानापर्यंत पोहोचतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. मथळ्याला मथळ्याचीच खूण द्यावी, केवळ अक्षरे मोठी करू नयेत. मजकूर पान उघडताच मिळावा. कळ दाबल्यावर जावास्क्रिप्टने येणारा मजकूर पुष्कळ नव्या यंत्रांना दिसत नाही. लेखक, दिनांक, ग्रंथ यांची नोंद स्कीमा डॉट ऑर्ग या २०११ पासूनच्या शब्दसंहितेप्रमाणे पानाच्या अंतर्भागात करता येते. कोणत्या यंत्राला प्रवेश द्यावा हे १९९४ पासून रूढ असलेल्या रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फायलीत लिहितात. काही संस्थांनी तिच्यात अजाणता सर्वांनाच मज्जाव केलेला असतो, तो पाहावा. २०२४ साली यंत्रांसाठी निराळी अनुक्रमणिका ठेवण्याचा एलएलएम्स डॉट टीएक्सटी हा प्रस्ताव पुढे आला, पण त्याला सर्वमान्यता आलेली नाही. त्याच्या मागे लागण्याची घाई नको. यंत्राला भुलविण्यासाठी एकच शब्द पुनःपुन्हा पेरण्याचा सल्ला देणारेही भेटतील. प्रिन्स्टन विद्यापीठ व दिल्ली आय.आय.टी. येथील संशोधकांच्या २०२३ च्या निबंधात असे आढळले की, शब्द पेरल्याने नव्या यंत्रांत फारसे काही साधत नाही. आधार, अवतरणे व आकडे दिल्याने मात्र पान उत्तरात येण्याचा संभव वाढतो.

यंत्राचे उत्तर तपासण्यासाठी महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेश पुरेसे आहेत. भोगनगर येथे भगवंतांनी सांगितले की, एखाद्याने अमुक वचन प्रत्यक्ष बुद्धाकडून वा संघाकडून ऐकल्याचे सांगितले तर त्याचे लगेच अभिनंदन करू नये व त्याचा धिक्कारही करू नये; ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे. ताडून पाहण्यास मूळ पाठ हाताशी हवा. म्हणून आपल्या पानावर चूक आढळल्यास पानाचा पत्ता न बदलता तेथेच दुरुस्ती करावी, काय बदलले ते एका ओळीत लिहावे आणि दुरुस्तीचा दिनांक खाली नोंदवावा.