ट्रान्सप्लांटनंतर अंग का आखडते? स्नायू आणि फेशियाचा जीव्हीएचडी

भारतातले पहिले बोन मॅरो ट्रान्सप्लांट २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. आज नाशिकचे रुग्णही मुंबई-पुण्याला ट्रान्सप्लांट करून घरी परततात. रक्ताचे रिपोर्ट चांगले येऊ लागतात आणि काही महिन्यांनी नवीच तक्रार सुरू होते: मांडी घालून बसता येत नाही, हात वर जात नाही, रात्री पायात गोळे येतात. घरात कोणी अशक्तपणा म्हणते, कोणी वात. दात्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णात मात्र आधी क्रॉनिक जीव्हीएचडीचा विचार करावा लागतो. (स्वतःच्याच पेशी परत दिल्या असतील, तर हा आजार सहसा होत नाही.)

यात दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परके समजून त्यावर हल्ला करतात. त्वचा, तोंड, डोळे, यकृत, फुफ्फुसे यांच्याबरोबर फेशियालाही इजा होते. फेशिया म्हणजे स्नायूंवरचे आवरण. मटणाच्या तुकड्यावर पांढरट चिवट पापुद्रा दिसतो ना, तोच. त्याला सूज येते, मग तो जाड आणि ताठ होतो. सुरुवातीला हातपाय सुजतात. पुढे त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते, हात वर केला की शिरेच्या रेषेत खळगा पडतो. रोग खोलवर असल्यामुळे कधी वरची त्वचा अगदी नेहमीसारखी असते, म्हणून निदान हुकते.

घरी एक सोपी तपासणी करा. छातीसमोर नमस्कार करून कोपरे बाजूला उचला. तळवे पूर्ण जुळतात का? दर महिन्याला याचा फोटो काढून ठेवा. जुन्या-नव्या फोटोतला फरक ओपीडीत फार उपयोगी पडतो.

स्नायूंनाच सूज येणे तुलनेने दुर्मीळ आहे. त्यात मांड्या आणि खांदे दुबळे होतात, बऱ्याचदा दुखतात, रक्तातले सीपीके वाढते. पण गोंधळ इथेच होतो: दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडनेही मांड्या दुबळ्या होतात, जमिनीवरून उठता येत नाही. तेव्हा सहसा दुखत नाही आणि सीपीके नॉर्मल असते. पहिल्या आजारात स्टेरॉइड वाढवावे लागू शकते, दुसऱ्यात कमी करावे लागते. म्हणून अंदाजाने डोस बदलू नका, आणि गोळी अचानक तर मुळीच बंद करू नका. गरजेनुसार एमआरआय, ईएमजी किंवा बायोप्सी करतात.

पहिले औषध बहुधा प्रेडनिसोलोन. ते पुरेसे पडले नाही तर रुक्सोलिटिनिबसारखी औषधे आहेत. फिजिओथेरपी मात्र पहिल्या दिवसापासून आणि रोज हवी, कारण एकदा घट्ट झालेला फेशिया पुन्हा सैल होणे कठीण असते. गोळे येत असतील तर पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम तपासून घ्या. काढे आणि जडीबुटी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

दम लागणे, गिळायला त्रास, ताप यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी ट्रान्सप्लांट सेंटरला फोन करा.

नाशिककरांसाठी एक खुलासा. औषधांच्या कागदावर मनाई असते ती ग्रेपफ्रूटला; ते लिंबू-संत्र्याच्या कुळातले फळ आहे. पपनसही त्याच कारणाने टाळा. आपली द्राक्षे वेगळी, ती नीट धुऊन खायला या औषधांची हरकत नाही.