चेहरा टिपणारी भिंगे

शिंदखेड्यातल्या किंवा खानदेशातल्या एखाद्या जुन्या घरी गेलात, तर भिंतीवर काळ्या चौकटीतले पणजोबांचे छायाचित्र जरूर पाहा. बहुधा हात गुडघ्यांवर, पाठ ताठ आणि चेहरा गंभीर दिसेल. त्या काळची माणसे हसत नव्हती काय? हसत होती, पण छायाचित्र निघेपर्यंत हसू टिकवणे कठीण होते! आता चित्र जवळून न्याहाळा. डोळे स्पष्ट, कान किंचित पुसट आणि कोपरे विरघळल्यासारखे दिसतात का? तसे असेल, तर त्याचे कारण भिंगात असू शकेल.

ही चित्रे भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्याने काढत. त्यात वहीच्या पानाएवढी काच, आणि पुढच्या काळात फिल्मचा ताव, बसवलेला असे. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर चित्र पाडायचे, तर पुष्कळ प्रकाश हवा. भिंग किती प्रकाश आत घेते, हे 'एफ' अंकावरून कळते. भिंगाच्या नाभीय अंतराला त्याच्या छिद्राच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो. नाभीय अंतर १५० मि.मी. आणि छिद्र १० मि.मी. असेल, तर अंक १५. छिद्र सुमारे ४२ मि.मी. केले, तर अंक ३.६. छिद्राचा व्यास चौपट झाला की क्षेत्रफळ सोळापट होते. म्हणून एफ/३.६ चे भिंग एफ/१५ च्या भिंगापेक्षा सुमारे १७ पट प्रकाश देते. जिथे १७ सेकंद स्थिर बसावे लागे, तिथे १ सेकंद पुरतो.

१८३९ साली दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, तेव्हा भिंगे साधारण एफ/१५ ची होती. डोंगर आणि देवळे मिनिटभर थांबतात. माणूस मात्र श्वास घेतो, पापणी मिटतो. ही अडचण व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी सोडवली. १८४० साली त्यांनी चार काचांचे, सुमारे एफ/३.६ चे भिंग आकडेमोड करून रचले. चेहऱ्यासाठीच योजलेले हे पहिले प्रसिद्ध भिंग. पण त्यात एक उणीव होती. त्याची प्रतिमा सपाट पडद्यावर न पडता वाडग्याच्या आतल्या बाजूसारख्या वक्र पृष्ठावर पडते. काच मात्र सपाट! त्यामुळे मध्य स्पष्ट आणि कडा पुसट. चेहरा मध्येच असल्याने ही उणीव उलट पथ्यावर पडली. नजर आपोआप डोळ्यांकडे जाते.

लवकरच ही विद्या आपल्याकडेही आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद आणि नावाजलेले छायाचित्रकार होते. त्या वेळी ओल्या रसायनाची काच वापरत आणि काही सेकंद निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावण्याची पद्धत होती.

१८६६ साली इंग्लंडमध्ये डॉलमायर आणि जर्मनीत श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे दुसरी रचना केली. दोन सारखे भाग समोरासमोर ठेवून मध्ये छिद्र. एका भागाने रेषा वाकवली, तर दुसरा ती सरळ करतो. या 'रॅपिड रेक्टिलिनियर' भिंगाने शिंदखेडा स्थानकाचा फलाट टिपला, तर त्याची कड सरळच दिसेल. मोठ्या कुटुंबाच्या चित्रातही कडेची मंडळी बरीच स्पष्ट येतील. पण अंक साधारण ८, म्हणजे पेट्झव्हालच्या सुमारे एक पंचमांश प्रकाश. पुढे अधिक संवेदनशील कोरड्या काचा आल्या, तेव्हा ही उणीव फारशी जाणवेनाशी झाली.

तिसरे भिंग टेसार. १९०२ साली झाइस कारखान्यात पॉल रुडॉल्फ यांनी ते रचले. यातही काचा चारच. पण नव्या प्रकारच्या काचेमुळे प्रतिमा जवळजवळ सपाट पडते आणि मध्यापासून कोपऱ्यापर्यंत स्पष्ट राहते. प्रथम ते एफ/६.३ चे होते, नंतर एफ/४.५ चेही निघाले. मग हेच सर्वांत चांगले नाही का? गंमत अशी, की ते सुरकुती आणि देवीचे वणही तितक्याच स्पष्टपणे दाखवते! मग निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून ते झाकावे लागत.

म्हणून 'सर्वांत चांगले भिंग कोणते' यापेक्षा 'कशासाठी चांगले' असे विचारावे. एकट्या चेहऱ्याला पेट्झव्हाल, समूहाला रेक्टिलिनियर, बारीक तपशिलाला टेसार. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. छिद्र पुरेसे लहान केले, की तिन्ही भिंगांची चित्रे बरीच सारखी दिसू लागतात. केवळ एका चित्रावरून भिंगाचे नाव सांगता येत नाही, ते यामुळेच. लहान छिद्राची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि जिवंत चेहऱ्याजवळ तेवढा वेळ नसतो. तुमच्या मोबाइलच्या भिंगाचे छिद्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे असते. त्यामुळे चेहरा आणि मागची भिंत दोन्ही स्पष्ट येतात, आणि पार्श्वभूमी पुसट करायला गणिताची मदत घ्यावी लागते.

करून पाहा : खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा. समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावून वाचायच्या भिंगाने त्यावर खिडकीची प्रतिमा पाडा. मध्य स्पष्ट असताना कडा कशा दिसतात? भिंग किंचित पुढेमागे करून कडा स्पष्ट करा. आता मध्याचे काय झाले? मग काळ्या पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडून तो भिंगाला लावा. प्रतिमा अंधूक होईल, पण अधिक रेखीव दिसेल. भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका, आणि उन्हात भिंग कागदावर धरू नका.

शेवटी एक उदाहरण. एफ/८ ला ५ सेकंद लागत असतील, तर त्याच उजेडात एफ/४ ला किती लागतील? उत्तर काढा. मग घरातल्या जुन्या चित्रापाशी जाऊन आजीला त्यातल्या माणसांची नावे विचारा आणि चित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने हळूच लिहून ठेवा. भिंगाने चेहरा टिपून ठेवला. नाव टिपण्याचे काम तुमचे.