प्रस्थान केव्हा ठेवावे?

लग्नाला निघताना आपण मुहूर्त पाहतो. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेला निघताना मात्र रेल्वेचे वेळापत्रक पाहून भागत नाही. वजन घेण्याच्या वेळेपासून दिवस उलटे मोजत यावे लागते.

कारण उघड आहे. दहा-बारा तास बसून प्रवास केला की घोटे सुजतात; त्यात जागरण अन् फलाटावरची खारट भजी! वर्षभर घाम गाळून उमटवलेली स्नायूंची रेघ त्या सुजेखाली झाकली जाते. आमच्या भाच्याची आई आदल्या रात्रीच्या गाडीचा आग्रह धरून बसली होती. लॉजचे पैसे वाचत होते ना! मी म्हटले, “ताई, दोन रात्रींच्या भाड्यापायी पोराचे वर्ष घालवतेस?” तेव्हा कुठे दोन दिवस आधीचे तिकीट निघाले.

परदेशी जाताना घड्याळाचाही हिशेब आला. वेळेतल्या दर तासाच्या फरकाला शरीर रुळायला साधारण एक दिवस घेते. पूर्वेकडे जाताना थोडा अधिकच. प्रेमचंद डेग्रांनी १९८८ साली जिथे विश्वविजेतेपद मिळवले, ते ब्रिस्बेन आपल्यापुढे साडेचार तास आहे. म्हणजे चार-पाच दिवसांची बेगमी हवीच.

मनोहर आईच यांची तऱ्हा मात्र न्यारी! १९५१ साली लंडनच्या ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेत ते दुसरे आले, पण मायदेशी परतले नाहीत. तिथेच रेल्वेत नोकरी धरली, व्यायाम चालू ठेवला आणि १९५२ साली आपल्या गटाचा किताब जिंकला. स्पर्धेच्या गावी वर्षभर आधी पोहोचलेला असा गडी विरळाच!