वाळूजचा टॅप आणि पंचविसाचा पीई

संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात स्टेशन रोडला 1960 साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि शासकीय तंत्रनिकेतनही याच भागात आहे. इथून शिकून बाहेर पडलेल्यांना आधी चिकलठाणा, मग वाळूज आणि आता शेंद्रा या औद्योगिक वसाहतींनी कामाला लावले. त्यामुळे आटे पाडणारा टॅप म्हणजे काय, तो भोकात कसा अडकतो आणि तुटला की अख्खा जॉब कसा भंगारात जातो, हे या वस्तीत वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अलीकडे याच घरांतून डीमॅट खातीही उघडली गेली. तरी कटिंग टूल बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘पीई किती?’ हाच असतो. पंचवीस म्हटले की ठीक, पन्नास म्हटले की महाग, असा निकाल उभ्या उभ्या लागतो. माझे म्हणणे असे की या धंद्यात हा निकाल बऱ्याचदा उलटा लागतो. पीई म्हणजे शेअरची किंमत भागिले शेअरमागचा नफा. सगळ्यांची नजर वरच्या आकड्यावर असते आणि फसगत खालच्या आकड्यात असते, कारण टूल कंपनीचा एका वर्षाचा नफा हे तिच्या कमाईच्या ताकदीचे माप नव्हे.

ही चर्चा संभाजीनगरात करण्याला कारणही आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कटिंग टूल कंपन्या देशात मोजक्याच, पण त्यांतल्या दोघींचे कारखाने वाळूज एमआयडीसीत आहेत. एक फोर्ब्स प्रिसिजन टूल्स अँड मशीन पार्ट्स. मुंबईत 1767 पासून मुळे असलेल्या फोर्ब्स अँड कंपनीतून ती वेगळी झाली आणि ‘टोटेम’ छापाचे टॅप ही तिची ओळख. दुसरी बिर्ला प्रिसिजन टेक्नॉलॉजीज, म्हणजे पूर्वीची बिर्ला केनामेटल. 1937 साली मुंबईत सुरू झालेली इंडियन टूल मॅन्युफॅक्चरर्स पुढे तिच्यातच आली. तुलनेला हटकून घेतली जाते ती बेंगळुरूची केनामेटल इंडिया, पूर्वीची विडिया. वाळूजमध्ये हातात टॅप धरणारा माणूस आणि या शेअरचा पीई विचारणारा माणूस अनेकदा एकच असतो, पण दोन्ही प्रसंगी तो वेगवेगळ्या डोक्याने विचार करतो. या लेखात कुठल्याही शेअरची आजची किंमत मुद्दामच दिलेली नाही. अंक हाती पडेपर्यंत ती बदललेली असेल.

टूल झिजते ते मशीन चालते तेव्हा. मोटारसायकल कंपनीचे शेड्यूल वाढले की तिच्या पुरवठादारांची व्हीएमसी यंत्रे तिसऱ्या शिफ्टला चालतात आणि टॅप, ड्रिल, इन्सर्ट भराभर संपतात. शेड्यूल कापले की खप त्याच दिवशी घसरतो. त्यात मध्ये डीलर बसलेला असतो. तेजीत माल मिळणार नाही या धास्तीने तो दोन महिन्यांचा साठा करतो आणि मंदी दिसताच खरेदी थांबवून साठाच विकत बसतो. कारखान्यातला खप दहा टक्क्यांनी घटला तरी टूल कंपनीकडे येणारी ऑर्डर त्याहून जास्त घटते ती यामुळे. दुसरीकडे खर्च तितका लवचीक नसतो. सहा अक्षांवर ग्राइंडिंग करणारे सीएनसी यंत्र जर्मनी, स्वित्झर्लंड किंवा ऑस्ट्रेलियातून आणलेले असते, कोटिंगची भट्टी असते, आणि मायक्रॉनमध्ये काम करणारा सेटर एकदा सोडून गेला की तसा दुसरा सहज मिळत नाही. पगार आणि घसारा मंदीतही चालूच राहतात.

एक गणित मांडू. कंपनी काल्पनिक आहे, आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत. विक्री 200 कोटी. त्यातला निम्मा, 100 कोटी, कच्चा माल, वीज, जॉबवर्क असा विक्रीबरोबर कमीजास्त होणारा खर्च. पगार, देखभाल वगैरे ठरलेला खर्च 60 कोटी. उरले 40. त्यातून घसारा 10 आणि व्याज 2 गेले की 28, आणि पाव हिस्सा कर दिला की निव्वळ नफा 21 कोटी. बाजारात कंपनीची किंमत 525 कोटी असेल तर पीई 25. आता विक्री फक्त 15 टक्क्यांनी घटून 170 कोटींवर आली असे धरा. बदलता खर्च 85 होईल, पण ठरलेला 60 चा 60 राहील. घसारा, व्याज, कर जाऊन हाती राहतात पावणेदहा कोटी. विक्री 15 टक्के घटली आणि नफा निम्म्याहून अधिक गेला. घाबरून लोकांनी शेअर विकला, भाव 40 टक्के पडला, कंपनीची किंमत 315 कोटी झाली. पीई काढा: 32. म्हणजे तीच कंपनी, तीच यंत्रे, तेच कामगार 210 कोटींनी कमी किमतीत मिळत असताना पीई सांगतो की ती आधीपेक्षा महाग झाली. चांगल्या आणि वाईट वर्षांची सरासरी धरून नफा साधारण 15 कोटी 40 लाख घेतला, तर तेजीतला पीई 34 निघतो आणि मंदीतला साडेवीस. महाग काय आणि स्वस्त काय, ते आता सरळ दिसते.

हे कागदावरचेच आहे असे कुणी म्हणेल. अमेरिकेतील मूळ केनामेटलचे जून 2020 ला संपलेले वर्ष पाहावे. विक्री आदल्या वर्षीच्या सुमारे 238 कोटी डॉलरवरून 189 कोटींवर उतरली, आणि शेअरमागे 2.90 डॉलर असलेला नफा शून्याखाली गेला. त्यात कारखाने बंद करण्याचा, नव्याने बसवण्याचा खर्चही होता हे खरे, पण असे खर्च नेमके मंदीतच निघतात. त्या वर्षी त्या कंपनीचा पीई काढताच येत नव्हता. म्हणून कंपनी फुकाची झाली का? त्याआधीच्या भरभराटीच्या वर्षात पीई कमी दिसला म्हणून ज्यांनी घेतला, त्यांना तो स्वस्तात पडला असे म्हणता येईल का?

यावर जाणकार म्हणतात, पीई सोडा, उद्योगमूल्य भागिले ईबिटडा बघा. म्हणजे शेअरच्या बाजारमूल्यात कर्ज मिळवून रोकड वजा करायची आणि त्याला घसारा, व्याज, कर वजा करण्याआधीच्या नफ्याने भागायचे. वरच्याच उदाहरणात कर्ज 25 आणि रोकड 10 कोटी धरली, तर तेजीत हा गुणक साडेतेरा येतो आणि मंदीत 13.2. पीईसारखी उलटी दिशा तो दाखवत नाही हे मान्य. 2019 च्या सप्टेंबरात कंपनीकराचा दर घटला तेव्हा धंदा तसूभर न सुधारता अनेकांचे पीई उतरले. करपूर्व गुणक त्या गोंधळातूनही वाचला. पण मंदीत 40 टक्के पडलेली कंपनी या गुणकाने ‘आहे तिथेच’ दिसते, हीही एक दिशाभूलच. शिवाय घसारा बाजूला ठेवणे सॉफ्टवेअर कंपनीला एक वेळ चालेल, ग्राइंडिंगच्या कारखान्याला नाही. तिथे घसारा कागदी नसतो. स्पिंडल खरोखर झिजतो, आणि नवे यंत्र युरो मोजून आणावे लागते. म्हणून माझी पसंती घसारा वजा केल्यानंतरच्या नफ्यावरील गुणकाला, आणि तोही पाच-सात वर्षांच्या सरासरी मार्जिनवर. पुस्तकी मूल्याचा गुणक इथे फारसा बोलत नाही. एमआयडीसीच्या 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावरची जमीन कधीच्या काळच्या रकमेने वहीत बसलेली असते.

सरासरी काढायला इतिहास लागतो, आणि वाळूजची पंचाईत नेमकी तिथे आहे. फोर्ब्स प्रिसिजनचा स्वतंत्र हिशेब 1 एप्रिल 2023 पासूनचा. विभाजनात फोर्ब्स अँड कंपनीच्या एका शेअरमागे नव्या कंपनीचे चार शेअर मिळाले. मूळ कंपनीचे शेअर सुमारे 1 कोटी 29 लाख, म्हणजे नवीचे 5 कोटी 16 लाख. जुन्या कंपनीचा पीई टूलबद्दल जवळपास काहीच सांगत नसे, कारण तिच्या पोटात चांदिवलीचा ‘विसिनिया’ हा घरबांधणीचा प्रकल्पही होता. फ्लॅटचा ताबा दिला की त्या तिमाहीत नफा उसळायचा आणि पुढच्या तिमाहीत बसायचा, तर टॅप आपल्या गतीने विकले जायचे. मोबाईलवरचे ॲप पाच वर्षांचा सरासरी पीई एका बोटावर दाखवते, पण विभाजनापूर्वीचे ते जे जोडते ते दुसऱ्याच कंपनीचे असते. खरा इतिहास हवा तर जुन्या वार्षिक अहवालांत ‘इंजिनिअरिंग’ या विभागाची विक्री आणि नफा वेगळा दिलेला असतो, तो काढून वर्षागणिक मांडावा लागतो. दोन-तीन संध्याकाळींचे काम आहे. बहुतेक जण करत नाहीत, म्हणूनच करण्यासारखे आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप केनामेटल इंडियाच्या नावाने येतो. तिचा पीई वर्षानुवर्षे मूळ अमेरिकी कंपनीच्या कितीतरी वर राहिला आहे. सरासरीवर काटेकोर बसणाऱ्याला ती कधीच घेता आली नसती. हे खरे आहे, आणि त्यामागे धंद्याचा गुणही आहे. टूलचा खर्च तयार भागाच्या एकूण खर्चात साधारण तीन-चार टक्के, असा ठोकताळा या क्षेत्रात सांगितला जातो. काही शे रुपयांचा टॅप वाचवायला जाऊन काही हजारांचा जॉब घालवायला कोणी धजत नाही, म्हणून चांगल्या ब्रँडला भाव टिकवता येतो. पण उंच पीईचे सगळे श्रेय गुणवत्तेला देणे भाबडेपणाचे ठरेल. या कंपनीचे शेअर जेमतेम 2 कोटी 20 लाख, आणि त्यांतले 75 टक्के मूळ कंपनीकडे. बाजारात फिरणारा माल 55 लाखांच्या घरात. माल कमी म्हणून भाव चढा, यात टूलचा संबंध नाही. परकीय मालक एक दिवस उरलेले शेअर चढ्या भावाने विकत घेईल, ही आशाही अशा किमतीत मुरलेली असते. या आशेचे काय होऊ शकते हे पुण्याने पाहिले आहे. दापोडीच्या सँडविक एशियाने भांडवल कमी करून छोट्या भागधारकांना पैसे देऊन बाहेर काढायचे ठरवले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि 2009 साली खंडपीठाने कंपनीला तशी परवानगी दिली. बाहेर पडण्याची किंमत आणि वेळ, दोन्ही छोट्या भागधारकाच्या हाती राहिली नाहीत.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. इंजिनच जाणार असेल तर मागच्या सात वर्षांची सरासरी काय चाटायची? इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, क्रँकशाफ्ट, गिअर यांतली भोके आणि आटे हाच टॅप-ड्रिलचा मोठा खप, आणि विजेवरच्या गाडीत ते बरेच कमी. अथर एनर्जीने जून 2024 मध्ये बिडकीनला कारखाना जाहीर केला, तोही विजेवरच्या दुचाक्यांचाच. हा आक्षेप मला अर्धा पटतो. ज्या कंपनीची विक्री दुचाकीच्या इंजिनावर टेकलेली आहे तिला जुन्या सरासरीवर जुनाच गुणक देऊ नये, थोडा कमीच द्यावा. पण टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये बिडकीन ज्यात येते त्या ऑरिक औद्योगिक नगरीसाठी जो सामंजस्य करार केला त्यात हायब्रिड गाड्याही आहेत, आणि हायब्रिडमध्ये मोटर असली तरी इंजिन जात नाही. शिवाय संरक्षण, विमानाचे भाग, पंप, व्हॉल्व्ह यांना आटे लागतातच. किती टक्के विक्री कुठल्या क्षेत्राला, हे गुंतवणूकदारांच्या बैठकीत विचारले तर अनेक कंपन्या सांगतात. तो एक आकडा पीईच्या दहा चर्चांहून मोलाचा.

आणि सध्या तरी सर्वांत आधी पाहायला हवी ती टंगस्टनची नोंद. जगातले जवळपास 80 टक्के टंगस्टन चीनच्या खाणींतून येते, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. कार्बाइड तर टंगस्टनचेच, आणि टॅपसाठी वापरल्या जाणाऱ्या एम-2 हायस्पीड स्टीलमध्येही ते सुमारे सहा टक्के असते. कच्चा माल महागला की टूल कंपनी विक्रीचे दर वाढवते, पण गोदामातला माल जुन्या दराचा असतो. दोन-तीन तिमाह्या मार्जिन फुगते, नफा वाढतो, पीई खाली येतो आणि शेअर स्वस्त वाटू लागतो. मग नव्या दराचा माल यंत्रावर चढतो. म्हणून या काळातल्या कुठल्याही टूल कंपनीचा अहवाल उघडताना आधी साठ्याच्या टिपणीत कच्चा माल किती दिवसांचा आहे ते मोजावे, फुगलेल्या तिमाहीचे मार्जिन सरासरीतून वगळावे, आणि मगच किमतीला कशाने भागायचे ते ठरवावे.