गाईचे पैदास मूल्य: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुधाळ गाईचे आनुवंशिक मूल्यमापन म्हणजे तिच्या दुधातला वारशाचा वाटा खुराक, निगा आणि हवामान यांच्या वाट्यापासून वेगळा काढणे. त्यातून येणाऱ्या आकड्याला पैदास मूल्य म्हणतात.

सर्वांत पक्का गैरसमज असा, की गोठ्यात जास्त दूध देणाऱ्या गाईचा वारसाही तेवढाच सरस असतो. दुधाच्या प्रमाणाची आनुवंशिकता, म्हणजे गाईगाईंमधल्या फरकातला वारशाचा वाटा, साधारण 0.3 धरली जाते. बाकीचा फरक बहुतांशी परिस्थितीचा. समजा, एका गाईने 305 दिवसांच्या वेतात बरोबरीच्या गाईंपेक्षा 1000 लिटर जास्त दूध दिले, तर तिचे अंदाजित पैदास मूल्य +300 लिटर येते. वळू सरासरी दर्जाचा असेल, तर तिच्या कालवडीकडून अपेक्षा त्याच्या निम्मी, म्हणजे 150 लिटर. ‘बरोबरीच्या’ हा शब्द इथे कळीचा आहे. रोहा तालुक्यातल्या कोलाडला ऐन पावसाळ्यात व्यालेली, भाताच्या पेंढ्यावर पोसलेली गाय आणि बारमाही हिरव्या चाऱ्यावरची बारामतीकडची गाय यांचे लिटर शेजारी मांडून वारशाबद्दल काहीच ठरत नाही. तुलना एकाच गोठ्यात किंवा गावात, एकाच हंगामात व्यालेल्या गाईंमध्येच करायची असते.

वळू निवडताना ‘आई वीस लिटरची’ एवढे पुरते, हाही समज चुकीचा. एकाच आईबापाच्या दोन सख्ख्या वळूंना जनुकांचा वेगवेगळा वाटा मिळतो. वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून होते. या संततिचाचणीला पाच-सहा वर्षे सहज लागतात. तरीही ती करणे भाग आहे, कारण गोठवलेल्या रेतामुळे एका वळूच्या हजारो मुली होऊ शकतात आणि निवड चुकली तर ती चूकही हजारो गोठ्यांत पोहोचते. महाराष्ट्रात मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने दारोदारी कृत्रिम रेतन नेले, तेव्हापासून वळूच्या निवडीला हे वजन आले.

लिटर वाढले की फॅटची टक्केवारीही वाढते, असे नाही. दोन्हींचे आनुवंशिक नाते बहुधा उलटे असते. नुसत्या लिटरवर पैदास केली तर फॅटची टक्केवारी घसरू शकते. डेअरीचा दर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) यांवर ठरतो, तिथे हे नुकसान थेट खिशाला लागते.

चांगला वळू सगळीकडे चांगलाच, हे गृहीतकही कोकणात तपासून घ्यावे लागते. थंड देशात अव्वल ठरलेल्या होल्स्टीन वळूच्या मुलींना कोलाडजवळच्या कुंडलिका नदीकाठचा दमट उष्मा आणि गोचिडांचा उपद्रव सोसवेलच असे नाही. कोकण कपिला ही इथली, स्वतंत्र जात म्हणून नोंदलेली गाय. दूध कमी, पण अंगी काटकपणा. नुसत्या लिटरच्या यादीत हा गुण दिसतच नाही.

सर्वांत नवा गैरसमज असा, की डीएनए तपासणी आल्यावर दुधाच्या नोंदी लागत नाहीत. अमेरिकेत 2009 पासून होल्स्टीनचे अधिकृत जनुकीय मूल्यमापन होते, आणि 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिमला भारतीय गाईंसाठीच्या ‘गौ चिप’ या डीएनए चिपचे उद्घाटन झाले. पण चिप जनुकांमधले फरक दाखवते. कोणता फरक किती दुधाचा, हे प्रत्यक्ष दूध मोजलेल्या हजारो गाईंच्या संदर्भगटावरूनच कळते. कोकणातल्या गाईंचे दूध नियमित मोजले गेले नाही, तर त्यांच्यासाठी चिपचा अंदाज कच्चाच राहतो. मोजणीसाठी लागते ते थोडकेच: कानात बारा अंकी बिल्ला, व्यायल्याची तारीख, वळूचा क्रमांक आणि महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारांचे मोजलेले दूध.